मिळाली की भेटली

वाक्य अगदी साधं होतं. ‘ती त्याला स्टेशनवर भेटली, तेव्हा पाऊस थांबला होता.’ जोडाक्षरांची गर्दी नाही, दम लागावा अशी लांबी नाही. मी ते वाचलं आणि काचेपलीकडे बघितलं. रेकॉर्डिस्टनं बोट वर केलं, म्हणजे परत. मला वाटलं, वरच्या रस्त्यावरून ट्रक गेला असेल, किंवा माझीच मान हलली असेल. परत वाचलं. आता तो पानावर वाकून काहीतरी बघत होता, आणि न बघताच त्यानं पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा मी जरा सावकाश वाचलं. ‘स्टेशन’वर जोर दिला नाही, शेवटचा ‘होता’ अलगद खाली ठेवला, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. हेडफोनमध्ये खरखर झाली. ‘ताई, बढ़िया है. पर लिखा कुछ और है.’

तिन्ही वेळा मी ‘मिळाली’ म्हटलं होतं.

आधी माझा विश्वासच बसला नाही. त्यानं तिन्ही टेक एकामागून एक ऐकवले. माझाच आवाज, चांगला तापलेला, शब्द स्वच्छ, आणि तिन्ही वेळा स्वच्छपणे चुकलेला. ‘ती त्याला स्टेशनवर मिळाली.’ एखादी छत्री मिळावी तशी. समोर स्टँडवर पान होतं, अक्षरं सोळा पॉइंटची, ‘भेटली’ हा शब्द ओळीच्या मधोमध. डोळ्यांनी तो तीनदा बघितला आणि तोंडानं तीनदा बदलला. चूक काढणारा पोरगा बडनगरकडचा. घरी माळवी बोलतो, कामाला हिंदी, आणि मराठीशी त्याचा संबंध माझ्या रेकॉर्डिंगपुरता. मला मराठी शिकवली आईनं, आजीनं, शाळेतल्या बाईंनी, आणि साठीला टेकल्यावर ती दुरुस्त कोणी केली, तर ज्याला ‘भेटली’चा अर्थही धड सांगता आला नसता त्यानं.

हे वाक्य एका कथासंग्रहातलं. पुण्याच्या एका लेखिकेच्या गोष्टी, ऐकायच्या पुस्तकासाठी मी वाचत होते. बैठका नऊ ठरल्या होत्या, इंदूरच्या जुन्या पलासियातल्या एका तळघरात. स्टुडिओ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे झगमगीत येतं त्यातलं तिथे काही नाही. दहा पायऱ्या उतरायच्या, एक जड दार ढकलायचं, मग हातभर अंतरावर दुसरं तसंच दार. दोन दारांच्या मधल्या त्या अंधाऱ्या पट्टीत कान एकदम बुजतात, पाण्यात डोकं घातल्यासारखे. आत भिंतींना करड्या फोमचे उंचवटे, खाली जाड सतरंजी, आणि काच किंचित तिरकी बसवलेली, समोरासमोर आवाज आपटून परत येऊ नये म्हणून. वास कायमचा एकच, फोमचा आणि कोंडलेल्या उन्हाचा. टेक चालू असताना एसी बंद. मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असताना त्या डबीत बसून मी पावसाची वर्णनं वाचलेली आहेत आणि ती चांगली झालेली आहेत. तहानेनं वाचल्यामुळे असेल.

माईकपासून तोंडाचं अंतर एक वीत. हे माप मला फार आवडतं. इतकं महागडं यंत्र, तारेतून अठ्ठेचाळीस व्होल्ट दिल्याशिवाय जागं न होणारं, आणि त्याचं अंतर मोजायचं अंगठा आणि करंगळी ताणून, आजी लोकरीची पट्टी मोजायची तसं. वीतभरापेक्षा जवळ गेलं की आवाज उगाच गडद होतो, रात्रीच्या रेडिओसारखा. लांब गेलं की खोली ऐकू यायला लागते. मध्ये पॉप फिल्टरची काळी जाळी, प-फ-ब-भ यांचा वारा अडवायला. बांगड्या, घड्याळ, कानातले बाहेर काढून ठेवायचे. खळ असलेली साडी नाही, सळसळणारा कुर्ता नाही. आणि सकाळच्या बैठकीला पोहे नाहीत. इंदुरात राहून सकाळी पोहे नाहीत! वाफेवरचे पोहे, त्यावर मूठभर शेव, कच्चा कांदा, वरून जीरावन भुरभुरलेलं; ते खाऊन माईकसमोर बसलात की दहा मिनिटांत घशाशी मसाला येतो आणि तोंडातून चटचट आवाज सुरू होतात. उपाशीही बसता येत नाही, कारण पोट गुरगुरलेलं त्या माईकला तुमच्याआधी कळतं. म्हणून मी घरून दोन केळी खाऊन निघते आणि पायऱ्या उतरण्याआधी कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या पोह्यांचा नुसता वास घेते. कामाच्या या बाजूबद्दल मला कोणी कधी विचारत नाही. विचारतात, ‘आवाजासाठी काय करता? मध? ज्येष्ठमध?’ कोमट पाणी पिते आणि कमी बोलते. दुसरं जमत नाही.

तर, त्या पोराला जे दिसलं ते मला का दिसलं नाही? हा प्रश्न मला त्या दिवशी घरी येईपर्यंत, रिक्षात, मग स्वयंपाक करताना पुरला. त्याला अर्थ कळत नव्हता म्हणूनच त्याला अक्षरं दिसत होती, एवढंच उत्तर सापडलं. तो बोट ठेवून भ ला भ आणि ट ला ट असं ताडत होता. मी ओळ बघितली की मला तो ओला फलाट दिसत होता, ती बाई दिसत होती, आणि जे दिसत होतं ते मी माझ्या शब्दांत सांगत होते. काचेपलीकडे मराठी माणूस असता तर त्यानंही सोडून दिलं असतं कदाचित. इंदूरचा असता तर नक्कीच सोडलं असतं. त्याच्या घरीही माणसं मिळतातच.

आमच्याकडे माणसं मिळतात. ‘काल सराफ्यात वहिनी मिळाल्या.’ ‘उद्या मिळतो मग.’ ‘तू डॉक्टरला मिळून आलास का?’ हे सगळं हिंदीतून आलेलं आहे, हे शाळकरी पोरालाही कळेल. ‘मिलना’चं सरळ ‘मिळणं’. तसंच ‘मी तिच्याशी विचारलं’, ‘लाईट चालली गेली’, ‘काय करून राहिली आहेस?’ मल्हाररावांच्या घोड्यांमागून जी कुटुंबं माळव्यात आली, त्यांतलं आमचं एक. अडीचशे वर्षांत घोडे गेले, जहागिरी गेली, वाडे पडून तिथे मजले चढले. भाषा राहिली, पण राहता राहता शेजारणीची साडी नेसायला लागली. आणि गंमत म्हणजे त्याच तोंडात दुसरी टोकंही आहेत. माझी आजी ‘तजवीज’ म्हणायची, ‘अदमास’ म्हणायची, आणि रात्री दिवा मालवायचा झाला की ‘दिवा मोठा कर’ म्हणायची ते कधी चुकलं नाही. तिचे सासरे होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, त्यांच्या तोंडचे हे शब्द. म्हणजे एका वाक्यात पेशवाईतला शब्द आणि कालच्या हिंदी सिनेमातला क्रियापद-प्रकार, दोन्ही गुण्यागोविंदानं. ‘अगं, त्या मुलीच्या लग्नाची तजवीज करून राहिलेत ते लोक.’ हे वाक्य आजीचं आहे. मी काही जुळवलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला मावशीकडे जायचो तेव्हा मात्र सांभाळावं लागायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मावसभावानं विचारलं, तुझी मैत्रीण कुठे राहते, आणि मी म्हटलं, ‘रामबागेत, ती मला रोज शाळेत मिळते.’ तो म्हणाला, ‘कितीला मिळते गं? डझनावर की किलोवर?’ सगळी हसली. मावशीही हसली, पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तीही मूळची इथलीच. त्या दिवसापासून पुण्यात उतरले की मी ‘भेटते’ म्हणायची, आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर कुठेतरी, खांडव्याच्या पुढे म्हणा, शब्द आपोआप बदलायचा. पायातल्या चपला बदलाव्यात तसा. मला वाटत होतं की ही अदलाबदल माझ्या हातात आहे. पन्नास वर्षं वाटत होतं.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे रडगाणं होईल. हिंदीत वाचायला बसले की माझ्यातली मराठी बाहेर डोकावते. 1988 मध्ये मी आकाशवाणीच्या स्वर-परीक्षेला गेले होते. इंदूर केंद्र 1955 चं. मालवा हाउसचं ते आवार, झाडं, व्हरांडे, आणि आत माझ्या वयाच्या सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली नंदाजी-भेराजींची जोडी याच भिंतींआड बोलत होती, या विचारानंच माझे तळवे ओले. कागद हातात आला. पहिलाच शब्द ‘कृपया’. मी ठणठणीत आवाजात ‘क्रुपया’ म्हटलं. पुढे ‘विज्ञान’ आलं, मी ‘विद्न्यान’ म्हटलं. ‘पैसा’चा मी ‘पइसा’ केला. एकाही अक्षराचा उच्चार मराठी म्हणून चुकला नव्हता, आणि हिंदी म्हणून एकही धड नव्हता. नापास झाले, आणि व्हायलाच हवं होतं. मग घरी आरशासमोर उभी राहून सहा महिने ‘क्रिपया, ग्यान, अम्रित, रितु’ घोकलं. लिपी एकच, काना-मात्रा त्याच, आणि तरी त्या अक्षरांच्या पोटात दोन वेगवेगळे आवाज झोपलेले असतात. कोणाला उठवायचं ते पान बघून नव्हे, समोर कोण बसलंय ते बघून ठरवायचं. अजूनही दोन भाषांची कामं एकाच दिवशी आली तर मी ‘ज्ञ’वर पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवते.

मराठीत तर एका अक्षरातही दोन आवाज असतात, ते वेगळंच. ‘माझा’तला झ दातांपाशी, ‘माझी’तला टाळूपाशी. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’. ‘जावई’ आणि ‘जन्म’. लिहिताना फरक नाही, सांगितल्याशिवाय परक्याला कळत नाही, आणि घरच्याला कोणी सांगावं लागत नाही. आमच्या पुढच्या पिढीला मात्र सांगावं लागतं. माझा भाचा ‘चमचा’ असा म्हणतो की तो हिंदी चम्मचचा सख्खा भाऊ वाटावा. मी टोकत नाही. म्हणजे टोकते, पण एकदाच.

दाल-भाताची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. लताबाई नव्यानं गात होत्या त्या दिवसांत दिलीपकुमारांनी लोकलच्या डब्यात म्हटलं की मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला दाल-भाताचा वास येतो, आणि त्यांनी ते मनाला लावून घेऊन उर्दूची शिकवणी लावली. 1929 साली आमच्या गावात जन्मल्या म्हणून इथे दर सप्टेंबरात कुठल्या ना कुठल्या सभेत हे कोणीतरी सांगतंच. सांगणारे नेहमी जिद्दीकडे बोट दाखवतात. मला तो वास आठवत राहतो. त्यांनी तो वास घालवला, हे खरं. पण मुळात तो वास आहे हे ज्याच्या नाकाला कळलं, तो परका होता. घरच्याला घरचा वास कधी येत नाही. पाहुण्याला दारातच येतो. माझा बडनगरचा पाहुणा वीस हजारांच्या हेडफोनमधून तो घेत होता.

तर तिसऱ्या टेकनंतर मी हेडफोन काढला आणि बाहेर गेले. पाणी प्यायचं निमित्त. तो म्हणाला, ‘इधर आओ, एक चीज़ दिखाता हूँ.’ मधल्या वेळात त्यानं मला एकदा नुसतं ‘भेटली’ म्हणायला लावलं होतं, ते आणि माझं ‘मिळाली’ त्यानं पडद्यावर एकाखाली एक लावले होते. आवाजाचं चित्र मी हजारदा बघितलंय. जाडसर निळी सुरवंटं, दुसरं काय. पण एवढं मोठं करून कधी बघितलं नव्हतं. ‘भेटली’ला आधी भ चा फुगवटा, जाळीतूनही थोडा निसटलेला वारा. मग ए ची लांब शेपटी. मग एकदम काहीच नाही. सरळ रेघ. ट म्हणण्याआधी जीभ टाळूला लागते आणि क्षणभर श्वास कोंडते, ती फट. मग ट चा टोला, आणि त्यामागून ली. खालची ‘मिळाली’ मात्र कुठेच तुटत नव्हती. म, ळ, ल, मधले स्वर, सगळं एकाला एक लागून. ओठ मिटलेले असतानाही म चा आवाज नाकातून चालूच, जीभ मागे वळून ळ करते तेव्हाही चालूच. नदीसारखं काहीतरी. ‘ये कटता नहीं,’ तो म्हणाला. ‘इसलिए मुँह को अच्छा लगता होगा.’

हे त्याचं शास्त्र मला पटलं, म्हणजे त्या वेळी फारच पटलं. रेडिओवरच्या स्पूलच्या दिवसांत ती फट हातात धरता आली असती. साडेसात इंच टेप एका सेकंदाला पुढे जायची. ‘भेटली’ अर्ध्या सेकंदाचा धरला तर पावणेचार इंच, आणि त्यातली ट आधीची शांतता अर्धा-पाऊण इंच, नखाएवढी. तेव्हा चूक झाली तर टेपवर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करून, तिरकी पाती मारून तुकडा काढून टाकायचे आणि चिकटपट्टीनं जोडायचे. जमिनीवर कापलेल्या शब्दांचे तपकिरी तुकडे पडलेले असायचे. झाडूवाली मावशी ते गोळा करून न्यायची, तिच्या नातीला रिबिनी म्हणून. आता चुका कुठे जातात कोण जाणे. तो पोरगा म्हणतो, जात नाहीत, सगळे टेक ठेवतो मी, डिस्क स्वस्त झाल्यात. म्हणजे माझी ती तीन ‘मिळाली’ तिथेच आहेत, एका फोल्डरमध्ये, ओल्या फलाटावर उभ्या.

रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या म्हणत होते, भेटली, भेटली, ट वर अडकायची सवय व्हावी म्हणून. शेजारून प्रश्न आला, ‘कोण भेटली?’ मी म्हटलं, कोणी नाही, झोपा. मग अंधारात दोन शब्दांची तुलना सुरू झाली. भेट ठरवून होते. वेळ असते, ठिकाण असतं, हातात काहीतरी न्यावं लागतं, त्यालाही भेटच म्हणतात. मिळणं हे शोधलेल्या किंवा हरवलेल्या गोष्टीचं. ‘वहिनी मिळाल्या’ म्हणताना आजीच्या तोंडावर खरंच पडलेलं नाणं सापडल्यासारखा भाव असायचा. आणि मराठीतही नद्या मिळतातच की. आमची खान नदी, आता तिला नदी म्हणायला धीर लागतो, पण ती उज्जैनजवळ शिप्रेला मिळते, भेटत नाही. असं बरंच काही जुळवत गेले आणि पहाटे तीनला मला माझाच राग आला. हे सगळं मागाहून शिवलेलं अस्तर. खरी गोष्ट एवढीच की हिंदीच्या शेजारात राहून एक शब्द सरकला. त्याला नदी-बिदी कशाला चिकटवायची? लेखिकेनं ‘भेटली’ लिहिलं होतं. पैसे मला तिचा शब्द वाचायचे मिळत होते. माझी आजी वाचायचे नव्हे.

तरीही मनातलं गेलं नाही. याचं एक कारण म्हणजे मुंबईच्या एका निर्मात्यानं मागे एकदा फोनवर म्हटलं होतं, आवाज छान आहे ताई, पण ‘थोडा हिंदी हेल’ येतो. कुठे येतो ते त्याला सांगता आलं नाही. ‘ओव्हरऑल’ म्हणाला. तेव्हा मी चिडले होते, आणि काम गेलं त्याहून जास्त त्या ‘ओव्हरऑल’वर चिडले होते. आता मला वाटायला लागलं, त्याला ऐकू येत होतं ते मलाच येत नाही. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातून ऐकू येतो म्हणून तो भरदार वाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो पातळ, परका लागतो, हे मला माहीत आहे. नवीन मुलींना मी ते समजावूनही सांगते, घाबरू नका म्हणते. पण भाषासुद्धा आपल्याला हाडातूनच ऐकू येते, हे काही मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मध्ये इतर कामं चालूच असतात. कोणाचा हॉस्पिटलचा फोन, कोणाची जाहिरात. फोनवरच्या उत्तरांसाठी आकडे वाचायचे तर एकेक आकडा तीन तऱ्हांनी वाचावा लागतो. ओळीत पहिला आला तर वर ठेवलेला, मधला असेल तर सपाट, शेवटचा असेल तर खाली सोडलेला. मग यंत्र त्यातून हवा तो उचलून जोडतं. पाच, पाच, पाच. एका दुपारी मी असे आकडे म्हणत होते आणि बाहेर कचरागाडीचं गाणं सुरू झालं. दोन दारं, फोम, सतरंजी, सगळं भेदून त्याचा ठेका बारीकसा आत यायचाच. स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या शहरात राहण्याची ही किंमत. सगळ्या स्टुडिओवाल्यांना गाडीची वेळ पाठ असते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी तर कोणी बुकिंगच घेत नाही. आम्ही दोघं थांबलो. तो म्हणाला, ‘ताई, वो मराठी में एक से दस बोलो.’ मी म्हटले. त्यानं मागून म्हटले. ‘पाच’ त्याला लगेच आलं, ‘तीन’ तर त्याचंच होतं. ‘सहा’ला अडला. तेव्हापासून बैठक सुरू व्हायच्या आधी तो एखादा शब्द विचारायला लागला. पानावर बोट ठेवून वाचलेल्या शब्दांतले काही त्यानं साठवलेही होते. ‘उंबरठा’ त्याला आवडायचा. ‘कदाचित’ त्याला हिंदीतून माहीत होता, तरी मराठीत तो रोजच्या बोलण्यात येतो याचं नवल वाटायचं.

नवव्या बैठकीला पिकअप, म्हणजे चुकलेल्या जागा पुन्हा वाचणं. पुण्याहून यादी आली होती. पान, ओळ, काय हवं ते. एकोणीस जागा. एके ठिकाणी मी ‘आणि’ खाल्ला होता, दोन ठिकाणी खुर्ची करकरली होती, एका ठिकाणी शेवटचा स्वर विरला होता. ‘मिळाली’ त्यात नव्हती, ती तर आम्ही तिथल्या तिथे बदललेली. पण एका कथेत म्हातारी म्हणते, ‘भेटून जा रे,’ तिथे यादीत लिहिलं होतं, ‘इथे भ जरा जास्त जोरात आला आहे का?’ आला होता. रात्रीची तालीम फारच मनावर घेतली होती. पिकअपचं काम शिवणासारखं. आधीची चार सेकंदं कानात वाजतात, तुम्ही त्या आवाजाच्या लयीत पाऊल टाकायचं आणि नेमक्या जागी आत शिरायचं, की ऐकणाऱ्याला टाका दिसू नये. पंधरा दिवसांपूर्वीची मी थोडी सर्दाळलेली होते, हे तेव्हा कळलं. मी तिच्या मागून, वीतभर अंतर राखून, ‘भेटून जा रे’ म्हटलं. भ हलका. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं अंगठा वर केला.

शेवटी रूम टोन. हे मी नेहमी शेवटी ठेवते. तीस सेकंदं माणूस आत बसून काहीच बोलायचं नाही, माईक चालू. शब्दांच्या मधल्या फटींत भरायला तीच शांतता लागते. विकतची शांतता चालत नाही, प्रत्येक खोलीची वेगळी. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. पंख्याशिवायची ती गरम हवा, कानात स्वतःचं रक्त, वर कुठेतरी फार दूर एक हॉर्न. तीस सेकंदं फार मोठी असतात. त्यानं दिवा बंद केला.

सामान आवरून, बांगड्या घालून मी पायऱ्यांशी आले. तो मागून दारापर्यंत आला. काहीतरी ठरवून आला आहे हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. घसा साफ केला आणि एकेक अक्षर जपून, ट आधीची फट बरोबर पाळून, म्हणाला, ‘ताई. परत भेटू.’

‘हो रे,’ मी चपलेचा पट्टा लावत म्हटलं, ‘मिळू की.’

वर उजेडात आले तरी खालून त्याचं हसणं ऐकू येत होतं. ‘ताई, लिखा कुछ और है!’